वार्ताहर राज्याचा, धनी दिल्लीचा

त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणावरून ऑगस्ट २०१७ मध्ये झालेला वाद आता बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. आगरतळा येथील दूरदर्शन आणि आकाशवाणी केंद्रांनी हे भाषण १२ ऑगस्ट रोजी मुद्रित करून घेतले. १४ ऑगस्टच्या सायंकाळी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाला कळविण्यात आले की, प्रसंगाचे पावित्र्य आणि प्रसारण संहिता लक्षात घेता मजकुरात बदल केल्याखेरीज ते प्रक्षेपित करता येणार नाही. सरकार यांनी बदल करण्यास नकार दिला. भाषण प्रक्षेपित झाले नाही. मुख्यमंत्र्यांनी ही कृती लोकशाहीविरोधी आणि असहिष्णू ठरविली, तर त्यांच्या कार्यक्रमाला आपण बातम्यांतून भरपूर वेळ दिला होता, असा खुलासा प्रसार भारतीने केला. केंद्र आणि राज्य यांच्यातील चकमक म्हणूनच या घटनेकडे पाहिले गेले. पुढे सहा-सात महिन्यांत निवडणूक होऊन राज्यात सत्तांतर झाले आणि विषय संपला.

त्या चकमकीत एका माणसाचा विचार मात्र कोणी केला नाही. आगरतळा केंद्रासाठी राज्याच्या राजकारणाचे वार्तांकन करणाऱ्या वार्ताहराला दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन त्याच मुख्यमंत्र्यांसमोर उभे राहायचे होते. ज्या संस्थेने आपले भाषण दाबले, असे मुख्यमंत्र्यांचे म्हणणे, त्याच संस्थेचे बोधचिन्ह त्याच्या माइकवर होते. त्याने विचारलेला अडचणीचा प्रश्न हा पत्रकाराचा प्रश्न राहिला नसता, तो दिल्लीचा प्रश्न ठरला असता. आणि प्रश्नच विचारला नसता तर तो दरबारी ठरला असता. सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या प्रादेशिक वार्ताहराची ही कोंडी त्रिपुरापुरती नाही. मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू या सर्व केंद्रांत ती आहे, आणि तिचे मूळ कोणा एका पक्षाच्या राजवटीत नसून व्यवस्थेच्या रचनेत आहे.

ही रचना घटनेपासून सुरू होते. सातव्या परिशिष्टातील केंद्र सूचीच्या ३१व्या नोंदीत टपाल, तार आणि दूरध्वनी यांच्याबरोबर प्रसारणाचाही समावेश आहे. म्हणजे पोस्टाची पेटी जशी केंद्राची, तसा प्रसारणाचा मनोराही केंद्राचा. परिणामी भारतातल्या कोणत्याही राज्यात त्या राज्याची म्हणून सार्वजनिक दूरचित्रवाणी नाही. जी आहे ती दूरदर्शनची प्रादेशिक वाहिनी आहे. तिची भाषा राज्याची, प्रेक्षक राज्याचे, बातम्यांचा मोठा भाग राज्याचा. मात्र तिचा पैसा, तिच्या नेमणुका आणि तिच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या दिल्लीहून होतात. लंडन किंवा न्यूयॉर्कमधील पत्रकाराला ही व्यवस्था समजावून सांगायला बराच वेळ लागेल. आपल्याला मात्र तिची इतकी सवय झाली आहे की, तिच्यातील विसंगती आपल्याला जाणवतही नाही.

या विसंगतीचा सर्वांत बोलका पुरावा आकाशवाणीच्या जुन्या प्रसारण संहितेत सापडतो. १९६७ साली अनेक राज्यांत बिगरकाँग्रेस सरकारे आल्यानंतरच्या काळात या संहितेने आकार घेतला. आकाशवाणीवरून बोलणाऱ्या कोणालाही काय बोलता येणार नाही, याची तीत यादी आहे. मित्रराष्ट्रांवर टीका, धर्मावर हल्ला, न्यायालयाचा अवमान अशा अपेक्षित बाबींबरोबर तीत राष्ट्रपती, राज्यपाल आणि न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे उडविण्यास मनाई आहे. एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करण्यास मनाई आहे. 'कोणत्याही राज्यावर अथवा केंद्रावर' वैरभावाने टीका करण्यासही मनाई आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती पुढची टीप. राज्याचा मंत्री आणि केंद्र संचालक यांच्यात भाषणाच्या मजकुरावरून मतभेद मिटला नाही, तर तो केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्र्यांकडे पाठवावा आणि त्यांचा निर्णय अंतिम मानावा, असे ती सांगते. मतदारांनी निवडून दिलेल्या राज्यमंत्रिमंडळातील सदस्याने आपल्याच मतदारांशी काय बोलावे, याचा शेवटचा शब्द बहुधा दुसऱ्या पक्षाच्या केंद्रीय मंत्र्याचा, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

ही संहिता भाषणांसाठी होती, बातम्यांसाठी नव्हे, असा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण दूरदर्शन १९७६ सालापर्यंत आकाशवाणीचाच एक भाग होते, आणि संस्थेची वृत्ती अशा कागदांतूनच घडते. ज्या इमारतीत पाहुण्या वक्त्याला राज्यपालांविषयी बोलताना जपून राहावे लागते, त्या इमारतीतला वार्ताहर राज्यपालांना प्रश्न विचारील अशी अपेक्षा कशी करावी?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या काळाविषयी महाराष्ट्रातील शहरी प्रेक्षकांच्या मनात आजही हळवेपणा आहे. डॉ. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे ही नावे घेतली की संध्याकाळच्या मराठी बातम्यांचा तो शांत, शुद्ध स्वर आठवतो. मराठी भाषेच्या उच्चारांवर या मंडळींनी जे संस्कार केले, त्यांचे मोल मोठे आहे. पण या स्मरणरंजनातून एक गोष्ट निसटते. आपल्याला आठवतात ते सगळे वृत्तनिवेदक. त्या काळातला मंत्रालयातून किंवा विधान भवनातून बातमी आणणारा दूरदर्शनचा एकही वार्ताहर आपल्याला आठवत नाही. त्यात कोणा व्यक्तीचा दोष नव्हता. बातमी शोधून आणायची असते, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत दुय्यम होती. बातमी कागदावर यायची, ती वृत्तसंस्थेकडून, सरकारी प्रसिद्धिपत्रकातून किंवा दिल्लीहून. मुंबईत ती सुंदर वाचली जायची.

जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळून शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. १७ फेब्रुवारी १९८० रोजी, इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यानंतर, तेच सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागू झाली. ज्यांच्याकडे वृत्तपत्र पोचत नव्हते, त्यांना ही बातमी देणारी प्रसारणसंस्था बरखास्तीचा निर्णय घेणाऱ्या केंद्र सरकारच्याच खात्याचा भाग होती. महाराष्ट्रात त्यानंतरही केंद्रात एक आणि राज्यात दुसरा अशी स्थिती १९९५-९६ मध्ये आली, २०१४च्या उन्हाळ्यात काही महिने आली आणि नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ या काळात पुन्हा आली. प्रत्येक वेळी वरळीच्या इमारतीतील वृत्तविभागाची निष्ठा कोणाकडे, हा प्रश्न उभा राहू शकत होता. उलट केंद्र आणि राज्य एकाच पक्षाचे असते, तेव्हा हा प्रश्न उभाच राहत नाही, आणि ते जास्त धोक्याचे आहे. तेव्हा वार्ताहराला राज्य सरकारविषयी काहीही विचारण्याचे कारणच उरत नाही.

१९९० साली संसदेने प्रसार भारती कायदा संमत केला, तेव्हा हे सारे बदलेल असे वाटले होते. त्याआधी बी. जी. व्हर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने 'आकाश भारती' या स्वायत्त न्यासाची कल्पना १९७८ साली मांडली होती. ती बरीच पातळ होऊन या कायद्यात उतरली. कायदा अमलात यायलाही सप्टेंबर १९९७ उजाडला. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तिचे नियमन सरकारपासून स्वतंत्र असलेल्या सार्वजनिक यंत्रणेने करावे, असे न्यायालयाने बजावले. हा महत्त्वाचा निकाल लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते.

कायद्याची भाषा उत्तम आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या सर्व विषयांवर मुक्तपणे, सत्यनिष्ठेने आणि वस्तुनिष्ठपणे माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणे आणि परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देणे, हे बारावे कलम प्रसार भारतीचे उद्दिष्ट म्हणून सांगते. सरकारला काही प्रक्षेपित करण्याचा वा न करण्याचा आदेश द्यायचा असेल, तर तेविसाव्या कलमात त्याची सोय आहे. मात्र असा आदेश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. कायदा करणाऱ्यांनी ही अट विचारपूर्वक घातली असणार. प्रत्यक्षात तिचा परिणाम असा झाला की, लेखी आदेशाची गरजच उरली नाही. दूरध्वनीवरून दिलेली सूचना संसदेपुढे ठेवावी लागत नाही, आणि न दिलेली पण ओळखलेली सूचना तर कोठेच नोंदली जात नाही. संसदीय समिती आणि तक्रारींची दखल घेणारी प्रसारण परिषद, या दोन संस्थांची तरतूद कायद्यात आहे. त्यांनी प्रत्यक्षात कधी काम सुरूच केले नाही.

आता वार्ताहराच्या खुर्चीपाशी येऊ. प्रादेशिक वृत्तविभागाचे प्रमुखपद बहुधा भारतीय माहिती सेवेतील अधिकाऱ्याकडे असते. हीच सेवा पत्र सूचना कार्यालयही चालविते, म्हणजे केंद्र सरकारची प्रसिद्धिपत्रके काढण्याचे काम करते. आज सरकारची बाजू मांडणारा अधिकारी उद्या बदलीने वृत्तविभागात येतो आणि परवा पुन्हा प्रसिद्धीच्या कामाला जातो. त्यातले अनेक जण सुजाण आणि प्रामाणिक असतात, हे मान्य करूनही विचारावे लागते की, संपादकाची स्वतंत्र बुद्धी या फिरत्या खुर्चीत रुजणार कशी? कायद्यातील दुरुस्तीनुसार ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले कर्मचारी निवृत्त होईपर्यंत केंद्र सरकारचेच, प्रतिनियुक्तीवरचे मानले जातात. नंतरची भरती प्रामुख्याने कंत्राटी आहे. वृत्तनिवेदक, भाषांतरकार आणि संपादनसाहाय्यक यांपैकी अनेकांना महिन्यातून ठरावीक दिवसच काम मिळते. जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमी पाठविणारा स्ट्रिंगर दर बातमीमागे मानधन घेतो. पालकमंत्र्यांच्या उद्घाटनाची चित्रफीत पाठविली की ती लागते आणि पैसे मिळतात. पाणीपुरवठा योजनेतील गैरव्यवहाराची पाठविली तर ती 'तपासून' ठेवली जाते, आणि तिचे मानधनही तिच्याबरोबरच राहते. येथे सेन्सॉरची कात्री लागत नाही. हिशेबाची वही पुरते.

वृत्तसंस्थांच्या बाबतीत जे घडले, तेही याच चित्राचा भाग आहे. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाची वर्गणी प्रसार भारतीने २०२० मध्ये बंद केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रोजच्या बातम्यांसाठी 'हिंदुस्थान समाचार' या संस्थेशी करार झाला. दादासाहेब आपटे यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले वैचारिक नाते जाहीर आहे. अनेक भारतीय भाषांतून बातम्या देण्याचे तिचे काम जुने आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या केंद्रात स्वतःचे वार्ताहर मोजके आहेत, तेथे वृत्तसंस्थेची बातमी पडताळून कोण पाहणार?

दिल्लीहून येणारा रंग पक्षागणिक बदलतो, पण सवय तीच राहते. एप्रिल २०१४ मध्ये केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार असताना दूरदर्शनने घेतलेली नरेंद्र मोदी यांची मुलाखत काटछाट करून दाखविल्याचा वाद झाला. तेव्हा प्रसार भारतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी संस्थेला आवश्यक ती स्वायत्तता मिळाली नसल्याचे मंडळाला पत्राने कळविले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, नागपूरहून सरसंघचालक मोहन भागवत यांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखविले. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान तेव्हा बारा दिवसांवर आले होते. बातमीमूल्य होते म्हणून दाखविले, असे समर्थन झाले. बातमीमूल्य होते यात शंका नाही, परंतु बातमीमूल्य असणारी नागपुरातील इतर भाषणे, उदाहरणार्थ त्याच दिवशी दीक्षाभूमीवर होणारी, त्याच मापाने मोजली जातात काय, हा प्रश्न विचारायला हवा होता. तो केंद्राच्या आतून विचारला गेल्याचे ऐकिवात नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये चेन्नई केंद्रातील एका अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. पंतप्रधानांचे आयआयटी मद्रासमधील भाषण प्रक्षेपित न केल्याचे कारण वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. एका निलंबनाचा धडा देशभरातील केंद्रांत किती वेगाने पोचतो, हे सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही.

निवडणुकीच्या काळात तरी पारडे समान असावे, यासाठी निवडणूक आयोगाने १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मोफत वेळ देण्याची पद्धत घालून दिली. प्रत्येकाला समान किमान वेळ, आणि वरचा वेळ मागील निवडणुकीतील मतांच्या प्रमाणात, असे तिचे सूत्र आहे. तिच्यातही मजकूर आधी द्यावा लागतो. मे २०२४ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे सरचिटणीस सीताराम येचुरी यांना भाषणातील 'जातीयवादी हुकूमशाही राजवट' या अर्थाचे शब्द वगळण्यास सांगण्यात आले. मतदाराला सत्ताधाऱ्यांविरुद्ध मत देण्यास सांगण्यासाठी दिलेल्या वेळात सत्ताधाऱ्यांविषयी कडक शब्द वापरता येऊ नयेत, हा प्रकार गमतीदार म्हणावा की गंभीर, हे ज्याने त्याने ठरवावे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही कोंडी सर्वांत तीव्र होते ती राज्यपालांच्या बाबतीत. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी भल्या सकाळी राजभवनावर झालेला शपथविधी आणि जून २०२२ मधील शिवसेनेची फूट, या दोन्ही घटनांच्या केंद्रस्थानी राज्यपालांचे निर्णय होते. बहुमत चाचणी घेण्यास सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. उद्धव ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार पूर्ववत करता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे त्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणात विचारण्यासारखा सर्वांत मोठा प्रश्न राजभवनाच्या दिशेने होता. केंद्राने नेमलेल्या राज्यपालांना केंद्राच्या वाहिनीचा कंत्राटी वार्ताहर तो कसा विचारणार? खासगी वाहिन्यांनीही तो फारसा विचारला नाही, हे खरे. त्यांचे प्रतिनिधी गुवाहाटीच्या हॉटेलबाहेर पावसात उभे राहून आत किती आमदार आहेत याची मोजदाद करीत होते. पण दहावे परिशिष्ट काय सांगते, पक्षप्रतोद कोणाचा, विधिमंडळ पक्ष आणि मूळ पक्ष यांत फरक काय, हे शांतपणे समजावून सांगणे हे ज्या वाहिनीचे काम, ती सार्वजनिक वाहिनी होती. जाहिरातीच्या दराची तिला चिंता नव्हती. राज्यातील प्रत्येक घटनातज्ज्ञ तिच्या निमंत्रणाला होकार देण्याची शक्यता होती. तिच्याजवळ वेळ होता, आवाज शांत होता, भाषा चांगली होती. नव्हते ते धाडस, आणि धाडस करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे कोणी.

राज्य सरकारकडून या वार्ताहराला आधार मिळतो, असेही नाही. अधिस्वीकृतीपत्रिका राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या अखत्यारीत. हेच महासंचालनालय सह्याद्री वाहिनीवर 'जय महाराष्ट्र' हा कार्यक्रम सादर करते, ज्यात मंत्री आणि सचिव आपल्या योजनांविषयी बोलतात. असा कार्यक्रम असण्याला हरकत नाही, कारण माहिती देणे हे सरकारचेही काम आहे. पण एकाच वाहिनीवर दुपारी राज्याची प्रसिद्धी, संध्याकाळी केंद्राची प्रसिद्धी आणि मध्ये बातम्या अशी मांडणी असली, तर प्रेक्षकाने बातमी कोणती आणि प्रसिद्धी कोणती हे कशावरून ओळखावे? दोन्ही ठिकाणी मंत्री तेच, आणि पुष्कळदा वाक्येही तीच.

यावर काही जण विचारतील की, डझनभर मराठी वृत्तवाहिन्या आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना दूरदर्शनच्या वार्ताहराची एवढी चिंता कशाला? २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या, आणि राज्याच्या राजकारणाचे वार्तांकन वेगवान झाले हे मान्यच आहे. पण खासगी वाहिन्यांनाही राज्य सरकारच्या जाहिराती लागतात, मालकांचे इतर उद्योग असतात, आणि संध्याकाळच्या चर्चेत कोण कोणावर किती मोठ्याने ओरडला यावर प्रेक्षकसंख्या ठरते. ज्या विषयाला प्रेक्षक नाही तो त्यांच्यासाठी विषयच नसतो. नंदुरबारमधील आश्रमशाळा, गडचिरोलीतील वनहक्काचे दावे, विधान परिषदेत तालिका सभापतींसमोर रात्री उशिरा संमत होणारी विधेयके, हे सारे सार्वजनिक वाहिनीने नाही पाहिले तर कोणी पाहायचे? अशा वार्तांकनाची किंमतही कमी नसते. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी छत्तीसगड विधानसभा निवडणुकीच्या वार्तांकनासाठी दंतेवाडा जिल्ह्यात गेलेल्या दूरदर्शनच्या पथकावर नक्षलवाद्यांनी गोळीबार केला. त्यात कॅमेरामन अच्युतानंद साहू ठार झाले आणि त्यांच्याबरोबरच्या पोलिसांनाही प्राण गमवावे लागले. गोळीबार चालू असताना त्यांच्या एका सहकाऱ्याने जमिनीवर पडल्यापडल्या आपल्या आईसाठी निरोप मुद्रित केला. तो देशाने पाहिला आणि हळहळला. निवडणूक राज्याची, आणि तिच्यासाठी जंगलात गेलेले पथक सार्वजनिक वाहिनीचे. या नोकरीला निव्वळ सरकारी नोकरी म्हणून हिणविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

मग उपाय काय? केंद्राच्या हातून काढून राज्याच्या हाती द्यावे, हे उत्तर चटकन सुचते. ऐंशीच्या दशकात बिगरकाँग्रेस मुख्यमंत्र्यांनी राज्यांना प्रसारणात वाटा मागितला होता, आणि केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाने आपल्या अहवालात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पण वारे उलट्या दिशेने वाहत गेले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने राज्य सरकारांना प्रसारणात येऊ देऊ नये अशी शिफारस केली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने राज्यांना तसे कळवून त्यांचे कार्यक्रम प्रसार भारतीमार्फतच दाखविण्याचा मार्ग ठेवला. म्हणजे राज्याच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीची मक्तेदारी पुन्हा एकदा दिल्लीकडे पक्की झाली.

तरीही राज्याच्या मालकीने प्रश्न सुटला असता, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यासाठी अमेरिकेतील न्यू जर्सीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. एडिसन आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांमुळे हे राज्य आपल्याला परके नाही. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन महानगरांच्या कात्रीत सापडलेल्या या राज्याकडे तेथील व्यापारी वाहिन्या फारसे लक्ष देत नाहीत. म्हणून १९७१ पासून 'न्यू जर्सी नेटवर्क' ही राज्याची सार्वजनिक दूरचित्रवाणी सुरू झाली. तिचे प्रतिनिधी मायकेल अॅरन यांनी १९८२ पासून ट्रेंटन या राजधानीतील राजकारणाचे वार्तांकन केले आणि एकामागून एक गव्हर्नरांना प्रश्न विचारले. तेथील राजकारणात त्यांच्या नावाला वजन होते. पण वाहिनीची मालकी आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा राज्याकडे होता. गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांच्या कारकिर्दीत सरकारने हात काढून घेतला आणि ३० जून २०११ रोजी ते नेटवर्क बंद झाले. प्रक्षेपणाची जबाबदारी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीकडे गेली. नाव बदलले, अॅरन यांच्यासारखे काही पत्रकार तेथेही काम करीत राहिले. पुढे जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि त्या निधीचे वाटप करणारे महामंडळ जानेवारी २०२६ मध्ये विसर्जित करण्याचा निर्णय त्याच्या मंडळाला घ्यावा लागला. न्यू जर्सीच्या राज्य सरकारनेही आपला वाटा घटविला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाहिनीने २०२६च्या मध्यापासून आपण ही जबाबदारी सोडत असल्याचे जाहीर केले. पैशाची दोरी वॉशिंग्टनच्या हाती असो की ट्रेंटनच्या, ती ओढली गेली की सर्वांत आधी राजधानीतला वार्ताहर जातो.

मालकी कोणाची यापेक्षा वार्ताहर आणि मालक यांच्या मध्ये कोण उभे आहे, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे ती जागा कायद्याने प्रसारण परिषदेसाठी राखून ठेवली आणि नंतर रिकामी सोडली. ती भरावी, प्रत्येक प्रादेशिक केंद्रासाठी राज्यातील सत्ताधारी व विरोधी पक्ष, विद्यापीठे आणि पत्रकार यांच्या सल्ल्याने नेमलेले छोटे मंडळ असावे, वृत्तविभागाच्या प्रमुखाला निश्चित मुदत मिळावी, या सूचना नव्या नाहीत. अनेक समित्यांच्या अहवालांत त्या कोठे ना कोठे सापडतील. त्या अमलात आणण्याची इच्छा कोणत्याही केंद्र सरकारला होईल, असे आजवरचा इतिहास सांगत नाही. विरोधात असताना स्वायत्ततेविषयी सर्वाधिक तळमळीने बोलणारे पक्षच सत्तेवर आल्यावर माहिती खात्याचा दूरध्वनी सर्वाधिक आवडीने उचलतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही समितीविना करता येईल. फ्रान्समध्ये प्रसारण नियामक प्रत्येक वाहिनीवर कोणत्या पक्षाच्या नेत्याला किती वेळ बोलायला मिळाले, याचे आकडे नियमितपणे प्रसिद्ध करतो. सह्याद्रीच्या बातमीपत्रात मुख्यमंत्री किती मिनिटे दिसले, केंद्रीय मंत्री किती, विरोधी पक्षनेते किती, आणि मंत्रालयाबाहेरील महाराष्ट्राला किती सेकंद मिळाले, हे दर महिन्याला जाहीर केले तर जिल्ह्यातल्या स्ट्रिंगरपासून दिल्लीतल्या महासंचालकांपर्यंत सर्वांना ते वाचावे लागेल. पुढच्या वेळी 'ही बातमी घेऊ नका' असा निरोप आला, तर वार्ताहराला उत्तर म्हणून दाखवायला निदान एक कागद असेल. त्यासाठी नवी यंत्रणाही लागणार नाही. कोणत्याही वृत्तविभागात बातमीपत्राचा रनडाऊन रोज तयार होतो. प्रत्येक बातमीपुढे तिचे मिनिट आणि सेकंद त्यावर आधीच लिहिलेले असतात.